बुधवारचं गिऱ्हाईक

रेल्वे लाईन्स, सोलापूर
२० फेब्रुवारी २०२५

निवी,

मायना काय घालावा यातच माझी सकाळ गेली. हाताच्या सवयीनं आधी 'चि. सौ.' लिहिलं आणि 'सौ.'वर पेन थांबलं. तो कागद टाकून दिला. नुसतं 'चि.' लिहिलं तर लग्नाआधीची तू डोळ्यांपुढं आलीस, आणि तेही आता खरं नाही. म्हणून घरात हाक मारायचे तेच नाव लिहिलंय.

काल मी तुझ्या हॉटेलात आले होते. तू मला पाहिलं नाहीस. हॉटेल तुझं आहे हे आत पाऊल टाकेपर्यंत मला माहीत नव्हतं. तू सोलापुरात आहेस हेसुद्धा नाही. पुण्यातच कुठं तरी खोली घेऊन राहत असशील, असं धरून मी ही दोन वर्षं काढली.

माझ्या शाळेतल्या विजयमालाबाई तुला आठवत असतील, चौथीचा वर्ग घ्यायच्या. त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता. म्हणाल्या, जुळे सोलापुरात बर्गर-सँडविचचं नवं हॉटेल झालंय, जुन्या काळासारखं सजवलंय, पोरं तिथंच जायचं म्हणतात, तुम्ही पण या. शिवजयंतीची मिरवणूक होती, रिक्षावाल्यानं लांबून आणलं, मला उशीर झाला. 'रेडिओ बर्गर हाऊस' अशी लाल पाटी. आत काळ्या-पांढऱ्या चौकटीची फरशी, लाल रेक्झिनची बाकं, भिंतीवर गाण्यांच्या तबकड्या, काचेच्या कपाटात डायलचा फोन, आणि कोपऱ्यात माझ्या माहेरी होता तसा मोठा लाकडी रेडिओ. आमच्याकडचा तो रेडिओ भंगारात गेला तेव्हा कुणी वळूनही बघितलं नव्हतं. इथं मुली त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढत होत्या. मी ते बघत होते, आणि त्या रेडिओच्या खालच्या बाकावर मला तुझे बाबा दिसले.

पहिल्यांदा वाटलं, सारखा दिसणारा माणूस असेल. मग खिशातलं पेन दिसलं, मनगटाच्या आत वळवलेलं घड्याळ दिसलं. दुपारी वाचनालयात जातो म्हणून गेले होते. काल वाचनालयाला सुट्टी असणार, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

आणि त्यांच्यापुढं तू उभी होतीस. केस कापलेले, काळा ॲप्रन, हातात छोटी वही.

"नेहमीचंच आणू ना सर?" तू म्हणालीस.

"हो. आणि ते बटाट्याचे तळलेले काप. थोडेच द्या."

"चहा की कॉफी?"

"तुम्ही द्याल ते."

एवढंच मी ऐकलं. तू वळलीस तशी मी दारातल्या पोरांच्या घोळक्यामागं झाले आणि बाहेर आले. विजयमालाबाईंना फोन करून डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

हे सातच्या सुमाराला घरी आले. मी विचारलं, काय वाचलंत आज. म्हणाले, काही विशेष नाही, मासिकं चाळली. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. मी ताट उचललं. तू नवऱ्याचं घर सोडलंस तेव्हा याच माणसानं मला सांगितलं होतं, की आपण मुलगी पुण्याला दिली, ती तिथं नसेल तर कुठं आहे हे विचारणं आपलं काम नाही. या घरात तुझं नाव काढायचं नाही. आणि तू तुझा नंबर बदललास, कारण मी फोन केला की 'का' एवढंच विचारत होते. मी दोन्ही बाजूंनी बाहेर.

तू त्यांना बोलावलंस का? समेट झालाय का तुमचा? झाला असेल तर 'सर' आणि 'तुम्ही' हे काय आहे? की मी चुकीचं बघितलं?

हॉटेलच्या पत्त्यावर हे पाठवतेय. फोन नंबर पाटीवर होता, पण फोन केला तर तू उचलशील, आणि मग मला बोलावं लागेल. उत्तर घरीच पाठव. पोस्टमन दुपारी येतो, हे तेव्हा झोपलेले असतात.

आई

•

जुळे सोलापूर
१ मार्च २०२५

आई,

तुझं पत्र श्रीदेवीनं काउंटरवर आणून ठेवलं. अक्षर बघूनच ती म्हणाली, "तुझ्या आईचं हाय की हे." शाळेत तू तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहायचीस ना. हॉटेल आमच्या दोघींचं आहे. तिच्या वडिलांचे एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, पडदे आणि टेबलावरचे चौकड्यांचे रुमाल तिथलेच. मी वरच्या खोलीत राहते. बरी आहे.

तू चुकीचं बघितलं नाहीस. पण समेट झालेला नाही. मी त्यांना बोलावलंही नाही.

दिवाळीच्या आधी आम्ही उघडलं. थंडी सुरू झाली आणि एका बुधवारी ते दारात उभे होते. मला वाटलं, ओरडतील. ते आत आले आणि भिंतीवरचा फळा वरपासून खालपर्यंत वाचत बसले. बाकी मुलं ऑर्डर देऊन खाऊन गेली तरी ते वाचतच होते. शेवटी मी गेले. आम्ही सगळ्यांना सर-मॅडम म्हणतो, श्रीदेवीनं तशी शिस्तच लावली आहे. तोंडातून 'काय घेणार सर' निघून गेलं. बाबा म्हणायला मी घाबरले, हेही खरं.

ते म्हणाले, "यात अंडं असतं का?"

"नाही. आपल्याकडं सगळं शाकाहारी आहे."

"मग एक द्या."

द्या म्हणाले, आई. मला ते कधी तुम्ही म्हणाले नव्हते. बर्गर आल्यावर त्यांनी तो उघडून पाव वेगळा, टिक्की वेगळी केली आणि चमच्यानं खाल्ली. पैसे दिले, सुट्टे मोजून घेतले, गेले. मला वाटलं संपलं. पुढच्या बुधवारी परत आले. आता हातानं खातात. कधी विचारतात, गर्दी असते का, पाव कुठून आणता, उन्हाळ्यात आत फार तापत असेल. मी उत्तर देते. यापलीकडं काही नाही. पण बुधवारी दुपारी मी टेबल नंबर सहा कुणाला देत नाही.

मी बाबा म्हटलं तर ते उठून जातील आणि परत येणार नाहीत असं मला वाटतं. म्हणून मी सर म्हणते. तू म्हणशील हे काय. मलाही माहीत नाही काय ते.

तू येऊ नकोस. राग मानू नकोस. तू आलीस की तू बोलशील, आणि हे मोडेल.

निवी

•

रेल्वे लाईन्स
६ मार्च

निवी,

राग मानू नकोस असं लिहून राग थांबत असता तर बरं झालं असतं.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग तुझ्या बाबांवर चिडले, मग तुझ्यावर. मला घरात मुलीचं नाव काढायला बंदी करून हा माणूस बुधवारी जाऊन मुलीच्या हातचं खाऊन येतो. आणि ती मुलगी मला कळवते की तू येऊ नकोस. यात माझी जागा कुठं आहे ते तुम्ही दोघांनी मिळून मला सांगा. म्हणजे मिळून कसं सांगणार, तुम्ही तर एकमेकांना ओळखत नाही.

रविवारी मी एक उद्योग केला. बेकरीतून गोल पाव आणले, बटाट्याच्या टिकिया तळल्या, कांदा-काकडी घातली, शेंगाचटणी दह्यात कालवून लावली आणि यांच्यापुढं ताट ठेवलं. मी समोरच बसले, तोंडाकडं बघत.

"हे काय नवीन?" म्हणाले.

"बर्गर. विजयमालाबाईंनी शिकवला. तुम्ही कधी खाल्ला नसेल."

"नाही," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी बरोबर धरून कागदाशिवाय नीट खाल्ला. एक थेंब सांडला नाही. खाऊन झाल्यावर म्हणाले, "चांगला झालाय. चटणी जरा कमी हवी होती. आणि पाव आतून तव्यावर शेकायचा असतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"असंच. वाचलं होतं."

मला हसू आलं आणि ते लपवायला मी आत गेले. आत गेल्यावर हसू गेलं. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली तो इतकं सहज खोटं बोलतो, आणि त्या खोट्यात काही वाईट नाही. याला काय म्हणायचं?

आता एक मी सांगते, जे मी तुला सांगणार नव्हते. अनिमेष मला फोन करतो. दर रविवारी नाही, पण करतो. सासूला अजून आईच म्हणतो. पाडव्याला आणि संक्रांतीला तर न चुकता. यांनाही ते माहीत आहे, ते फोन आला की बाल्कनीत जातात. परवा म्हणाला, महिनाअखेरीला सगळं आटपेल, मग मोकळा होईन. मार्चअखेर म्हणजे ऑफिसचं असेल, मी खोलात गेले नाही. त्याच्या आवाजात तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नसतो. मी त्याला विचारलं होतं, तुमचं काय झालं. म्हणाला, मलाही नीट कळलं नाही आई, ती म्हणाली तिला जायचंय.

तो दारू पीत नव्हता. हात उगारत नव्हता. सासू तुझ्या वाटेला जात नव्हती. तूही त्याला कधी वाईट म्हणाली नाहीस. मग मी लोकांना काय सांगू, हे सोड. मी मला काय सांगू? 'का' विचारलं की तू नंबर बदलतेस. कागदाचा काही नंबर नसतो, म्हणून परत विचारते. का?

आई

•

जुळे सोलापूर
१३ मार्च

आई,

वाईट कारण असतं तर मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. चांगलं कारण नव्हतं म्हणून मी चिडायचे. तरी लिहून बघते.

अनिमेष माझं वाक्य पूर्ण करायचा. मी बोलायला लागले की अर्ध्यात तो पुढचं बोलायचा, आणि बरोबर बोलायचा. लग्न झालं तेव्हा मला ते फार आवडायचं, कुणी तरी आपल्याला इतकं ओळखतं म्हणून. हॉटेलात गेलो की वेटरला माझं तोच सांगायचा. साड्या तोच आणायचा, त्या मला आवडायच्याच. हळूहळू मी अर्धंच बोलायला लागले. मग तेवढंही नाही. घरात भांडण नाही, आवाज नाही. एकदा त्याच्या मित्रांबरोबर जेवायला गेलो होतो. तो म्हणाला, हिला पनीरच. मी म्हटलं, नाही, मला आज भेंडी हवी. सगळे हसले. तोही हसला, प्रेमानं हसला. आणि वेटरला म्हणाला, पनीरच आण, आल्यावर ती तेच खाणार आहे. पनीर आलं आणि मी ते खाल्लं.

त्या रात्री मला कळेना की मला भेंडी खरंच हवी होती, की नुसतं नाही म्हणायचं होतं. पुढं कितीतरी दिवस मला कुठल्याच गोष्टीचं कळेना. काय घालू, कुठं जाऊ, झोप आली आहे का. तेव्हा भीती वाटली. म्हणून निघाले.

हे तू विजयमालाबाईंना सांगितलंस तर त्या म्हणतील, भेंडीसाठी नवरा सोडला. म्हणून मी कुणाला सांगत नाही.

निवी

•

रेल्वे लाईन्स
१८ मार्च

निवी,

पत्र वाचलं, परत वाचलं. खरं सांगू, मला अजून कळलेलं नाही. हे कारण आहे असं सकाळी वाटतं आणि दुपारी वाटतं की हे काही कारण नाही.

पण दोन गोष्टी झाल्या त्या लिहिते. रविवारी अनिमेषचा फोन आला. मी म्हटलं, "ऊन फार आहे रे, यांना मी सांगते की..." तो म्हणाला, "...की दुपारी बाहेर पडू नका, आणि ते ऐकत नाहीत." मी हेच म्हणणार होते. मी म्हटलं, "तुझी आई आता..." तो म्हणाला, "...बरी आहे, गुडघ्याचंच तेवढं." बोलणं मजेत झालं. फोन ठेवल्यावर मी तिथंच बसून राहिले. मी अख्ख्या फोनभर एक वाक्य पुरं केलं नव्हतं. आधी कधी हे ध्यानात आलं नव्हतं, आणि आता आलं म्हणून त्याचा राग येतोय असंही नाही. तो गोड मुलगा आहे. नुसतं बसून राहिले.

दुसरी गोष्ट. तुझे बाबा मला लग्नापासून मसाला डोसा मागवत आलेत. मला उत्तप्पा आवडतो. मी कधी सांगितलं नाही, डोसाही वाईट नसतो. आणि त्यापायी मी घर सोडलं असतं का, तर नाही. म्हणजे तू चूक, की मी? की दोघी नाही? हे असं मनात फिरत राहतं आणि दूध उतू जातं.

मी यांना काही बोललेले नाही. पण बुधवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघतात तेव्हा दार लावून घेणं मला आता जमत नाही. तू येऊ नकोस म्हणालीस, ते मी ऐकतेय. किती दिवस ऐकेन हे मला माहीत नाही.

आई

•

रेल्वे लाईन्स
२७ मार्च, गुरुवार

निवी,

फोनवर काल तू आमचे शब्द ऐकलेस. ते कुठून आले हे तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते. आता तुझा नंबर आहे माझ्याकडं, पण एवढं सगळं मला तोंडानं सांगता येणार नाही.

काल हे निघाले तेव्हा मीही साडी बदलून चप्पल घातली.

"तू कुठं?"

"वाचनालयात. तुमच्याबरोबर. मासिकं चाळीन."

यांनी पायातली चप्पल काढली, परत घातली. नको म्हणायला कारण सापडेना. खाली रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं घ्यायचं काका?" हे म्हणाले, वाचनालय. रिक्षा सात रस्त्यापर्यंत आली तेव्हा मी म्हटलं, "विजापूर रोडनं घ्या. जुळे सोलापूर. रेडिओ बर्गर हाऊस."

रिक्षावाल्यानं आरशात यांच्याकडं बघितलं. हे बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही सांगा, तुम्हाला कधीपासून."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर याच सात रस्त्यावर सिग्नलला तू त्यांना स्कूटरवर दिसलीस, मागं पावांचे क्रेट बांधलेले. त्यांनी रिक्षा केली आणि तुझ्यामागं आले. तू क्रेट उतरवून आत गेलीस. ते तसेच घरी परतले. आठवडाभर विचार केला आणि बुधवारी परत गेले, ते तुला विचारायलाच, का सोडलंस म्हणून. वाक्य ठरवून गेले होते. "आणि तिनं मला विचारलं, काय घेणार," म्हणाले. "मला काय ते बोलताच येईना. मग बर्गर घेतला."

"आणि पुढच्या बुधवारी?"

"पुढच्या बुधवारीही विचारायलाच गेलो होतो."

मला त्यांचा इतका राग आला होता की रिक्षातून उतरून जावं असं वाटलं, आणि इतकी कीव आली की त्यांचा हात धरावा असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "मला का नाही नेलं?"

म्हणाले, "तुला काय सांगून नेणार होतो? मीच तर नको म्हटलं होतं."

आत गेलो. सहा नंबरचं टेबल रिकामं होतं. आम्ही बसलो. मी तुला शोधत होते, तू दिसेनास. श्रीदेवी वही घेऊन आली. मला बघून तिचा चेहरा पडला, पण तिनं सांभाळलं.

"नेहमीचंच का सर? आणि मॅडम तुम्हाला?"

हे म्हणाले, "त्या दुसऱ्या मॅडम आज नाहीत का?"

"नाहीत सर."

"बरं नाही का त्यांना?"

श्रीदेवीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "श्रीदेवी, सांग की गं." तेव्हा ती वही बंद करून म्हणाली, "काकू, ती पुण्याला गेलीय. कोर्टात आज शेवटची तारीख हाय. आज सही झाली की संपलं."

अनिमेषची महिनाअखेर म्हणजे काय ते मला तिथं कळलं. तू मला इतकं लिहिलंस आणि हे लिहिलं नाहीस. का नाही, हे विचारत नाही.

हे म्हणाले, "बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही सर. मी म्हटलं येते, तर ती म्हणाली हॉटेल कोण बघणार. सकाळच्या गाडीनं एकटीच गेली. रात्री मैत्रिणीकडं थांबून उद्या बसनं येणार."

"एकटी गेली," हे म्हणाले.

"व्हय सर."

तू त्यांचा चेहरा बघायला हवा होतास असं म्हणणार होते, पण नको, बरं झालं तू नव्हतीस. ते फार वेळ त्या चौकड्यांच्या रुमालाकडं बघत होते. शेजारच्या टेबलावर कॉलेजची मुलं मोठ्यानं हसत होती. मला वाटलं, हे आता उठतील आणि निघून जातील, आणि तू लिहिलंस तसं सगळं मोडेल, माझ्यामुळं मोडेल.

ते म्हणाले, "श्रीदेवी." नाव घेऊन. म्हणजे ती कोण हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. "तुझा फोन दे जरा. माझ्या मुलीशी बोलायचंय."

श्रीदेवीनं फोन लावून दिला आणि तिथंच उभी राहिली. तू उचललास. तुला वाटलं तिचाच आहे. "झालं गं सगळं," असं तू म्हणालीस, ते मलाही ऐकू आलं, इतक्या मोठ्यानं ते फोन धरतात. तू दोनदा हॅलो म्हणालीस. मला वाटलं, तू ठेवतेस.

मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

तू तेव्हा काय करत होतीस मला माहीत नाही. इथं श्रीदेवी तोंडाला पदर नसल्यामुळं ॲप्रन लावून उभी होती. मग तू म्हणालीस, नाही अजून. हे म्हणाले, "आधी जेव. उपाशी बसू नकोस." आणि फोन माझ्या हातात दिला. मी काय बोलले मला आठवत नाही. काही धड बोलले नसेन. तू मला विचारलंस, "आई, तू कुठं आहेस?" मी म्हटलं, "तुझ्याकडं." एवढं आठवतं.

फोन ठेवल्यावर यांनी डोळे पुसले नाहीत, आणि श्रीदेवीनं न विचारता समोर ठेवलेला बर्गर खाल्ला. सगळा खाल्ला. मीही खाल्ला. पाव आतून शेकलेला होता, हे मी बघून घेतलं.

आता आजचं. आज तू होतीसच, तरी तू पुढं चालत होतीस म्हणून तुला दिसलं नाही ते लिहिते. स्टँडवर आम्ही बसच्या कितीतरी आधी येऊन बसलो होतो. यांनी घरून निघताना सांगितलं होतं, काही विचारायचं नाही तिला, तू पण नाही. मी म्हटलं, मला शिकवू नका. मग उन्हात उभं राहून दर बसच्या काचेवरची पाटी वाचत होते. तू उतरलीस. आम्हाला बघून पायरीवरच थांबलीस आणि मागचा माणूस ओरडला. यांनी पुढं होऊन तुझ्या हातातली बॅग घेतली. तू दिलीस. मला सगळ्यात भीती त्याचीच होती, तू देशील का नाही.

रिक्षात बसताना यांनी रिक्षावाल्याला सांगायला सुरुवात केली, "रेल्वे लाईन्स..." आणि थांबले. तू तेव्हा बॅग आत सरकवत होतीस. त्यांनी रस्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग वाकून तुला विचारलं, "कुठं जायचंय तुला?" तू म्हणालीस, "हॉटेलवर. श्री एकटी आहे." हे रिक्षावाल्याला म्हणाले, "जुळे सोलापूर." आवाज साधाच होता. तुला वाटलं असेल, बाबांना काही नाही वाटलं. मी शेजारी होते. त्यांनी माझा हात धरला तो तुझं हॉटेल येईपर्यंत सोडला नाही.

तुला सोडून घरी आलो. जिना चढताना म्हणाले, "तिला घरी यायचं नव्हतं."

"तुम्ही विचारलंत, तिनं सांगितलं."

"हो," म्हणाले. "विचारलं मी."

आता ते आरामखुर्चीत बसलेत. त्यांनी तुला माफ केलंय का, किंवा तू त्यांना, किंवा माफ करण्यासारखं कुणी काही केलं होतं का, यातलं मला काही सांगता येत नाही. तुझ्या अनिमेषचा रविवारी फोन आला तर मी घेणार आहे, हे तुला सांगून ठेवते. तो आता आपला कोण हे मला माहीत नाही, पण तो आई म्हणतो. तुला चालणार नसेल तर तसं लिही, मी विचार करीन. 'सौ.'चं काय करायचं तेही तूच कळव. मला वाटतं नुसतं नावच बरं दिसतं.

हे मघापासून खुर्चीतून विचारताहेत की तुमच्याकडं उपासाचं काही मिळतं का. त्यांचा गुरुवार असतो. मी म्हटलं, बर्गरच्या हॉटेलात कसं मिळेल, आणि तिकडं जायचा तुमचा वार बुधवार आहे की. तर म्हणाले, "एवढं विचारून बघ ना तिला."

म्हणून विचारते.

आई